एस.टी.ने जा, पायी पाहा



तालुक्याच्या एस.टी. स्थानकात वेळापत्रकाचा एक मोठा फलक असतो. गावाचे नाव, कोणत्या मार्गे आणि सुटण्याची वेळ असे त्याचे रकाने असतात. तुम्ही तो फलक कधी वरपासून खालपर्यंत वाचला आहे का? आपण बहुतेक जण आपल्या गाडीची वेळ तेवढी पाहतो आणि बाकावर जाऊन बसतो. पुढच्या वेळी तो सगळा वाचा. त्यावरच्या किती गावांत आपले पाऊल पडले आहे, ते बोटांवर मोजा. बहुधा एका हाताची बोटेही पुरी लागणार नाहीत.

या पाठात मी तुमच्यापुढे माझे एक मत मांडणार आहे. ते तुम्हांला पटले तर स्वीकारा. पटले नाही तर का पटले नाही, ते वर्गात उभे राहून मराठीत सांगा. माझे मत असे आहे की, दहावीच्या परीक्षेला बसण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने निदान दहा वेळा तरी एस.टी.ने एखाद्या गावी उतरावे आणि तेथून पुढे पायी फिरून यावे. किनारा असेल तर किनाऱ्याने, शेत असेल तर बांधाने, डोंगर असेल तर पायवाटेने. ही चैन नव्हे. हा अभ्यासाचाच भाग आहे. तो कसा, ते आता पाहू.

आधी एस.टी.विषयी थोडेसे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. 'गाव तिथे एसटी' हे पुढे तिचे ब्रीद झाले. एस.टी.चे भाडे टप्प्याने मोजतात आणि सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात. म्हणजे दोन-तीन टप्प्यांवरचे गाव हे काही दूर देश नव्हे. तेथे जायला मोटार लागत नाही की मोठी तयारी लागत नाही. पाण्याची बाटली, घरची भाकरी, एक वही आणि तिकिटापुरते पैसे असले की झाले.

"मग मोटारसायकलवरून गेले तर काय बिघडले?" असे कोणी विचारील. बिघडत काही नाही, पण दिसतही काही नाही. वाहनावरून जाताना आपल्याला फक्त जाण्याचे ठिकाण ठाऊक असते. वाट ठाऊक होत नाही. पायी चालणाऱ्याला वाटेतली विहीर दिसते, तिच्या काठचा शिलालेख दिसतो, झाडावरचे घरटे दिसते. शिवाय पायी चालणाऱ्याला लोक थांबवतात, "कुठले रे तुम्ही?" म्हणून विचारतात. गाडीवरून जाणाऱ्याला असे कोणी विचारीत नाही.

उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातला अलिबाग ते मुरूड हा रस्ता घेऊ. या रस्त्यावर एस.टी.च्या गाड्या धावतात. अलिबागहून निघालेली गाडी चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव अशी गावे घेत मुरूडला पोहोचते. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. एकाच दिवसात हा सारा रस्ता पाहायचा हट्ट धरू नका. प्रत्येक वेळी एकच गाव घ्या.

पहिल्यांदा चौलला उतरा. आज चौल हे नारळ-सुपारीच्या वाड्यांत दडलेले शांत गाव आहे. पण हजार वर्षांपूर्वी येथे अरबी समुद्रावरचे मोठे बंदर होते. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल् मसऊदी इ.स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. त्याने या शहराला 'सैमूर' म्हटले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. पुढे १४६९ मध्ये अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. इतिहासाच्या पुस्तकात अशी वाक्ये वाचली की आपण ती पाठ करतो आणि विसरतो. पण चौलच्या सावलीतल्या पाखाड्यांनी चालताना जुना हमामखाना दिसतो, रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी दिसते. मग ते वाक्य पाठ करावे लागत नाही.

चौलहून रेवदंडा तासाभराच्या चालीवर आहे. येथे पोर्तुगिजांनी बांधलेला कोट आहे आणि गंमत अशी की, गावच कोटाच्या आत वसले आहे. रस्ता तटाच्या दरवाजातून जातो आणि आत घरे, दुकाने, शाळा लागतात. तटावरून कुंडलिका खाडीच्या पलीकडे पाहिले की समुद्रात शिरलेली एक लांब टेकडी दिसते. तिच्यावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

कोर्लई हे भाषेच्या विद्यार्थ्याने तर पाहायलाच हवे असे गाव आहे. येथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही एक निराळी बोली बोलली जाते. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. पोर्तुगिजांची सत्ता तेथून जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती बोली टिकून आहे. कारण त्या वस्तीतल्या आया आपल्या मुलांशी तीच बोलत आल्या. त्याच वस्तीतली मुले मराठीही बोलतात. घरची भाषा जपली म्हणून शेजाऱ्याची भाषा येत नाही असे होत नाही, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. आपण उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावे. मराठी चांगली आली म्हणून उर्दू कमी होत नाही. उर्दू गोड लागते म्हणून मराठीला घाबरण्याचेही कारण नाही.

आणि खरे सांगायचे तर किनाऱ्यावरची मराठी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. कोळीवाड्यात जा आणि कान देऊन ऐका. बंदर, किनारा, दर्या, तुफान, हवा, खलाशी हे शब्द तुम्हांला शब्दकोशाशिवाय समजतील. होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. हा फारसीतला 'नाखुदा'. होडी वळवण्याचे ते 'सुकाणू'. हा अरबीतून आलेला शब्द. मुरूडजवळच्या समुद्रातला 'जंजिरा' म्हणजे अरबीतले 'जझीरा', बेट. तसेच बटाटा, अननस, काजू, चावी, पगार आणि पाव हे शब्द पोर्तुगिजांनी आणले. समुद्राने जसा माल आणला तसे शब्दही आणले आणि मराठीने ते घरचे करून टाकले. तुम्ही मराठीच्या तासाला ज्या शब्दांना अडखळता, त्यांतले कितीतरी तुमच्याच घरून गेलेले आहेत.

मी स्वतः मराठी कोठे शिकले, ते सांगते. माझे घर उर्दू बोलणारे. शाळेत मराठीचे पुस्तक होते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडत असे. बी.एड.ला असताना मी रोज पहाटेच्या एस.टी.ने जात असे. त्या गाडीत मासळीच्या पाट्या घेऊन कोळणी चढत, भाजीवाल्या चढत, शाळामास्तर चढत. "बाय, जरा सरक तिकडं," यापासून माझे मराठी संभाषण सुरू झाले. पापलेटचा भाव, सुनेची तक्रार, पावसाची लक्षणे, मुलाची नोकरी असे सगळे विषय त्या गाडीत निघत. वर्षभरात माझी भीती गेली. व्याकरण मला वर्गाने शिकवले. बोलण्याचे धैर्य मात्र त्या गाडीने दिले. म्हणून मी एस.टी.ला वाहन म्हणत नाही, चालतीबोलती शाळा म्हणते.

आता अलिबागच्या उत्तरेकडे वळू. रेवसकडे जाणाऱ्या गाडीने चोंढीला उतरले की किहीमचा समुद्रकिनारा चालत गाठता येतो. झाडीतून जाणारी ही वाट एका थोर माणसाच्या ओळखीची होती. ते म्हणजे डॉ. सालिम अली. १८९६ मध्ये जन्मलेले सालिम अली लहानपणीच अनाथ झाले आणि मामांच्या घरी वाढले. मुलगा असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. "ही कोणती चिमणी?" हा प्रश्न त्यांना पडला. मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि त्या एका प्रश्नातून भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. १९८७ मध्ये ते वारले.

याच किहीममध्ये १९३० साली सालिम अलींनी बया पक्ष्याचा अभ्यास केला. मराठीत बयाला 'सुगरण' म्हणतात. सुगरण म्हणजे घरकामात हुशार बाई. पण सालिम अली घरट्यांजवळ तासन् तास बसून राहिले तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. घरटे विणतो तो नर! तो ते अर्धवट बांधून ठेवतो. मग माद्या येतात आणि घरटी पाहून जातात. एखादीला घरटे पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर ते पुरे करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे बांधायला घेतो. पाहा, भाषेने बाईचे नाव दिले आणि काम करीत होता बाप्या! हे कोणत्या पुस्तकातून कळले असते? कोणीतरी चालत गेले, थांबले आणि पाहिले, म्हणूनच कळले. सालिम अली आपल्यासारख्याच घरातले होते. ते जेथे फिरले, त्या वाटेवर जायला आज तुम्हांला एक तिकीट पुरे आहे.

किनाऱ्यावर फिरायचे तर भरती-ओहोटीचे ज्ञान हवेच. उर्दूत आपण तिला 'मद्दोजझर' म्हणतो. मौलाना हालींच्या प्रसिद्ध मुसद्दसच्या नावात हाच शब्द आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोळी लोक म्हणूनच तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. त्याला 'उधाण' म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्याला 'भांग' म्हणतात.

हे गणित तुम्हांला इतरांपेक्षा सोपे आहे. का? तुमच्या घरी चाँदची तारीख सर्वांना माहीत असते. ती तिथीपेक्षा एखाद-दोन दिवसच मागे असते. नवा चाँद दिसला की उधाणाचे दिवस, चौदा-पंधरा तारखेलाही उधाणाचे दिवस आणि सात-आठ तारखेला भांग, हे तुम्ही बसल्या जागी सांगू शकता. चाँदच्या तीन-चार तारखेला सकाळी आठ-नऊच्या सुमारास चांगली ओहोटी मिळते. त्या वेळी ओली, घट्ट वाळू मैलभर उघडी पडते आणि चालायला मजा येते. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. तेथेही ओहोटीत चालत जाता येते. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारही बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे!

पण गणित हे अंदाजापुरते. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी तेथल्या कोळ्याला वेळ विचारा आणि तो "नको" म्हणाला तर मुकाट्याने मागे फिरा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांत मुलीही होत्या. किती घरे त्या एका दुपारी काळोखली असतील, याचा विचार करा. समुद्रावर फिरायला जाणे म्हणजे समुद्रात उतरणे नव्हे. पायाखाली वाळू आणि पाणी समोर, एवढेच अंतर नेहमी राखा. ज्याला भरतीची वेळ माहीत नाही, त्याने वाळूवर पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता या मतावर कोणते आक्षेप येतील, ते मी जाणते.

पहिला आक्षेप खर्चाचा. खरोखर हिशेब करा. लहान मुलांना बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही एस.टी.त अर्धेच तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच पडत नाही. म्हणजे अम्मी, खाला आणि दादी यांच्याबरोबर गेलात तर सर्वांचा मिळून खर्च किती येतो? शहरातल्या हॉटेलात एकदा खाण्यापेक्षा कमीच. भाकरी तर घरचीच आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. "मुले भटकत राहिली तर अभ्यास कधी करणार?" असे अब्बा विचारतील. त्यांना सांगा की, महिन्यातला एक रविवार, तोही सकाळचा. भूगोलात किनारा, खाडी, पुळण हे शब्द येतात. विज्ञानात खारफुटी येते. तिवरांच्या रोपट्यांची चिखलातून वर डोकावणारी मुळे श्वास घेतात, हे खाडीकाठी उभे राहून एकदा पाहिले की आकृती काढताना हात अडत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिपी या खारफुटीच्या झाडाला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ते झाड ओळखणारी किती मुले आपल्या वर्गात आहेत? मराठीच्या परीक्षेत 'मी केलेला प्रवास' हा निबंध वर्षानुवर्षे विचारला जातो. दरवर्षी मी त्याच महाबळेश्वरच्या ओळी तपासते. त्या लिहिणाऱ्यांतले निम्मे कधी महाबळेश्वरला गेलेलेच नसतात!

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा आहे. तो मुलींचा. "मुलीला बसने कोठे पाठवायचे?" या एका वाक्यावर आमच्या किती मुलींचे शिक्षण थांबते, ते मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. गावात शाळा दहावीपर्यंत असते. कॉलेज तालुक्याला असते. गाडी दारावरून जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेच्या प्रवासाचा पासही मोफत मिळतो. तरी मुलगी घरी बसते. पैसा आड येत नाही, भीती आड येते. आणि ती भीती मुलीपेक्षा तिच्या घराला जास्त असते, कारण त्या घराने तिला कधी बसमधून जाताना-येताना पाहिलेलेच नसते.

मी आईवडिलांच्या काळजीला हसत नाही. काळजी खरी आहे. पण काळजीवर उपाय दार बंद करणे हा नाही. वाट ओळखीची करून देणे हा आहे. जी मुलगी आठवीत असताना अम्मीबरोबर रेवदंड्याला जाऊन आली, नववीत चार मैत्रिणी आणि आपा यांच्याबरोबर किहीमला जाऊन आली, दहावीत जिने कंडक्टरला स्वतः विचारून परतीची गाडी पकडली, ती अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात जायला निघेल तेव्हा घरात कोणाच्या छातीत धडधड होणार नाही. म्हणून मी म्हणते, या फिरण्यात मुलींचा पहिला हक्क आहे. मुलांनो, तुम्ही भाऊ म्हणून एक काम करा. घरी सहलीचा विषय निघाला की बहिणीचे नाव आधी घ्या.

या फिरण्याला आणखीही एक बाजू आहे. वाट वापरली तर वाट राहते. गावच्या गाडीत माणसे बसली तर ती गाडी चालते. सगळ्यांनी खासगी वाहने धरली आणि फेरी रिकामी धावू लागली, तर ती किती दिवस चालेल? आणि ती बंद झाली तर मोटार नसलेल्या म्हाताऱ्याने दवाखान्यात कसे जायचे? किनाऱ्याच्या पाखाड्यांचेही तसेच. जुन्या पाखाडीने कोणी जाईनासे झाले की तिच्या तोंडावर कुंपण पडते आणि मग समुद्र समोर असून जायला वाट उरत नाही. १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनाऱ्याच्या रक्षणासाठी पहिली अधिसूचना काढली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. पण कागदावरच्या नियमाला पायांची साथ लागते. लोकांचे पाय ज्या वाळूवर नेहमी पडतात, ती वाळू लोकांची राहते.

चालणाऱ्याला गावाचे दुःखही दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. तास-दोन तासांत नारळी-पोफळीच्या हजारो झाडांची जमीन सुटली. सुपारीचे झाड लावल्यावर फळ धरायला कित्येक वर्षे जातात. या भागातल्या वाडीत शिरून मालकाला "काका, वादळात काय काय गेले?" एवढेच विचारा. तो जे सांगेल ते तुम्हांला कोणत्याही बातमीपेक्षा जास्त शिकवील. आपण पाहुणे म्हणून जातो तर ऐकूनही यावे. आणि आपल्या मागे केळीची साल किंवा प्लास्टिकची पिशवी टाकून येऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्यातले काही जण म्हणतील, "बाई, आम्ही किनाऱ्यावर राहत नाही." ठीक आहे. छत्रपती संभाजीनगरहून एस.टी.ने खुलताबादला उतरा. तेथे मलिक अंबरची कबर आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. तेथेच औरंगजेब बादशहाची साधी, उघडी कबर आहे आणि सूफी संतांचे दर्गे आहेत. खुलताबादचा घाट उतरून चार-पाच किलोमीटर चालले की वेरूळची लेणी लागतात. एका सकाळच्या चालीत बौद्ध, हिंदू, जैन आणि मुसलमान या सर्वांच्या हातचे दगड पाहून होतात. मुंबईतल्या मुलांना तर मालाडहून बेस्टच्या बसने मार्व्याला जाता येते. तेथून तरीने खाडी ओलांडली की मनोरी. दाभोळच्या जवळपास राहणाऱ्यांना तेथली विजापूरकरांच्या काळातली दगडी मशीद आणि खाडी ओलांडणारी फेरीबोट आहे. तुमच्या तालुक्याच्या फलकावरही असे एखादे नाव नक्की असेल.

मात्र काही नियम पाळा. एकट्याने जाऊ नका. पाच-सहा जणांचा गट करा आणि बरोबर एक मोठे माणूस घ्या. निघण्यापूर्वी घरी गावाचे नाव आणि परतीची वेळ सांगा. गाडीतून उतरल्याबरोबर पहिले काम म्हणजे शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे, हे कंडक्टरला किंवा थांब्यावरच्या दुकानदाराला विचारणे. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका, तिच्या आधीची गाडी धरा. पावसाळ्यात किनारा आणि कडे टाळा. त्या दिवसांत शेताच्या बांधाने चाला आणि भातलावणी पाहा. एखाद्याच्या वाडीत विचारल्याशिवाय शिरू नका. मशीद, देऊळ, चर्च काहीही असो, तेथे तेथल्या अदबीने वागा.

आणि वही न्यायला विसरू नका. परत आल्यावर तिच्यात मराठीत दहा ओळी लिहा. आज कोणता नवा शब्द ऐकला? कोणी काय सांगितले? कोणते झाड, कोणता पक्षी, कोणता दगड पाहिला? ओळी चुकल्या तरी चालतील, पण त्या तुमच्या असाव्यात. दहा फेऱ्यांच्या शंभर ओळी होतील. त्या तुमच्या पहिल्या मराठी पुस्तकाच्या ओळी समजा.

येत्या रविवारी सुरुवात करता येईल. शनिवारी शाळा सुटली की स्थानकावर जा, फलकावरचे एक अनोळखी गाव निवडा आणि त्याच्या गाडीची जाण्याची आणि येण्याची वेळ वहीत लिहून घ्या. संध्याकाळी ते पान अम्मीला दाखवा. तिने त्या गावाचे नाव ऐकले आहे का, ते विचारा. आणि तिला म्हणा, "अम्मी, तिकीट अर्धे आहे. तूही चल."